पिवळे तळवे

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत लेकराला न्हाऊ घालावं तर रंभाबाईनं, असा बायांचा एकमुखी निकाल होता. कोणाकडे बाळंतपण झालं की बाई पदर खोचून हजर. लेकराला पायांवर आडवं घ्यायची, तेल चोळून चोळून असं मळायची की ते गल्ली डोक्यावर घ्यायचं आणि मग दुपार कलेपर्यंत ढाराढूर झोपायचं. आता तर पायांवर स्वतःचा नातू होता, अनंत, दहा महिन्यांचा. मग काय विचारता! सकाळचं ऊन अंगणात उतरलं की आजी-नातवाचा दरबार भरायचा आणि तो उठेपर्यंत घरात कोणाला चहासुद्धा मिळायचा नाही.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. रंभाबाईचा तेलाचा हात त्या दिवशी अनंताच्या पोटरीवरून खाली आला आणि तळव्यापाशी अडला. तळवा पिवळा दिसत होता. तिनं दुसरा पाय वर केला. तोही तसाच. मुठी उकलून पाहिल्या, तर हातही पिवळे.

"प्रेमिला, अवं, उटण्यात हळद किती टाकली तू?" तिनं आत आवाज दिला.

सून दारात आली. "चिमूटभर, आई. रोजच्यासारखीच."

"मंग हे का होय? हळदीचं लगन लावून राहिली का पोट्ट्याचं?"

उटण्यातली हळद बंद झाली. नुसत्या बेसनाची आंघोळ सुरू झाली. आठवडा गेला, पण पिवळेपणा काही हटेना, उलट नाकाच्या शेंड्यावरही चढला. लेकरू आपलं हसत होतं, रांगत होतं, आजोबांच्या चपला चावत होतं. रंभाबाई मात्र सकाळी त्याचे तळवे उलटून पाहायची आणि दिवसभर गप्प राहायची. जिचं तोंड कधी मिटत नाही ती बाई गप्प राहिली की घरात कसं भेसूर वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी तो शब्द शेजारच्या रुखमाबाईनं काढला. भांडी घासता घासता भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "अवं रंभा, तुह्या नातवाले कावीळ तं नाई ना झाली?"

झालं! त्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. मनोहरच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या जन्माआधी रंभाबाईला एक लेकरू झालं होतं, आणि ते काविळीनं गेलं होतं. तीस वर्षं होऊन गेली त्याला. नवऱ्यानं त्यानंतर कधी विषय काढला नाही, तिनंही काढला नाही. मनोहरच्या कानावर काही ओझरतं असेल नसेल. प्रेमिलाला तर पत्ताच नव्हता. तिला एवढंच दिसलं की सासू ओट्यावर मटकन बसली आहे आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला आहे.

तशी ती फार वेळ बसून राहणारी बाई नव्हे. अर्ध्या तासात उठली, नातवाला कडेवर घेतलं आणि घराला हुकूम सुटले. तेल बंद. तूप बंद. हळद बंद. डाळ जड, म्हणून डाळ बंद. वरचं दूध बंद. आईचं दूध चालेल, पण मग आईनंही पथ्य पाळायचं, म्हणजे प्रेमिलाच्या ताटातूनही फोडणी गेली आणि गाजर-पपई आली. काविळीला हवं गोड आणि थंड. देवानं घरातच सोय करून ठेवली होती. तिचा नवरा नत्थूजी संत्र्यांच्या दलालीत होता. हंगामात चांगल्या फळांची टोपली रोज घरी येऊन पडायची, आणि उष्टावण झाल्यापासून अनंताला सकाळ-संध्याकाळ वाटीभर रस मिळायचाच. संत्र्याचा रस पोटात गेला की लेकराच्या गालावर लाली येते, असं रंभाबाई दारावरच्या भाजीवालीलासुद्धा ठणकावून सांगायची. त्या रसासोबत गाजर उकडून, लाल कोहळं म्हणजे भोपळा शिजवून, पपई कालवून. आता वाट्या दुप्पट झाल्या. सकाळी रस, न्याहारीला पपई, दुपारी गाजर, मग पुन्हा रस. मधून उसाचा रसही.

प्रेमिला मॅट्रिक झालेली, स्वभावानं गरीब, पण खुळी नव्हती. दोन दिवस तिनं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणाली, "आई, चौकात त्या डॉक्टरीणबाई बसतात ना, त्यांना एकदा दाखवून आणू या का?"

"डाक्टर का करते? काविळीले डाक्टरकडे औषध नाई, आखी दुनिया सांगते."

"नुसतं दाखवू. त्या सांगतील तरी..."

"सांगतीन! सुई टोचतीन अन् पाठवतीन घरी. मी सांगून राहिली ना, पथ्यानं जाते कावीळ."

नत्थूजी चहा पीत होता. त्यानं घसा खाकरला. "अवं, नेऊ दे ना तिले. दाखवलं तं का बिघडते?"

"तुम्ही गप ऱ्हा," रंभाबाई त्याच्यावर उलटली. "तुमचं संत्र्याच्या पल्याड डोकं चालते का कधी?"

नत्थूजीनं कप खाली ठेवला, टोपी घातली आणि बाजाराचा रस्ता धरला. घरात त्याची कायमची हीच चाल. मनोहर रेल्वेत गोंदियाला होता, महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. तेव्हा प्रेमिलाच्या बाजूनं बोलायला घरात कोणी उरलंच नाही. तिनं मुकाट्यानं गाजर किसायला घेतलं.

आणि गंमत पाहा, म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती, जीव टांगणीला लागला होता, पण पथ्य जितकं कडक झालं तितकं लेकरू जास्त पिवळं होत गेलं. आधी तळवे होते, मग नाक, मग कानांच्या पाळ्या, मग गाल. रंभाबाई आणखी रस पाजायची. अनंताच्या दंडावरच्या वळ्या गेल्या. मांड्या सैल पडल्या. रांगता रांगता बसून जायचा आणि किरकिर करायचा. ताटात वरण दिसलं की दोन्ही हात पसरून झेप घ्यायचा, आणि रंभाबाई त्याला उचलून बाजूला न्यायची. त्याचं ते रडणं ऐकून तिचं काळीज तुटायचं, पण ती बधली नाही. एकदा हयगय झाली होती. यावेळी तिला ती होऊ द्यायची नव्हती.

हयगय म्हणजे काय, तर तेव्हा ती मंडळी खेड्यावर राहत. लेकराला कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा भरपावसाळा होता. कुहीपासून आत एका खेड्यात बापूजी म्हणून एक माणूस काविळीचा डाग द्यायचा. जळतं हळकुंड मनगटावर टेकवायचं, की कावीळ उतरते, असा सगळ्या मुलखाचा विश्वास. नाला उतरेपर्यंत थांबावं लागलं. मग बंडी जुंपली, आणि लेकरू रस्त्यातच गेलं. बापूजींच्या दारापर्यंत ते पोचलंच नाही. पोचलं असतं तर वाचलं असतं, हे रंभाबाईनं तेव्हा मनाशी धरलं ते धरलंच. कोणाशी बोलली असती तर कदाचित कोणी तिची समजूत काढली असती. पण ती बोलली नाही आणि ती गोष्ट तिच्या मनात तशीच घट्ट होऊन बसली.

बापूजी अजून होते. म्हातारे झाले होते, पण रविवारी अजून डाग देत. पथ्याला महिना होत आला तेव्हा एका शनिवारी सकाळी रंभाबाईनं अनंताचे पिवळे गाल पाहिले आणि तिचा धीर संपला.

"उद्या कुहीले जाऊन राहिलो आपण," तिनं जाहीर केलं. "डाग देऊन आणू."

प्रेमिलाच्या हातातलं पातेलं खाली आदळलं. "डाग? आई, एवढ्याशा जिवाला?"

"एवढासाच आहे म्हणून तं जाऊन राहिलो! मोठा होईपर्यंत वाट पाहू का?" बोलली खरी, पण आवाज चिरका निघाला. प्रेमिलानं सासूकडे नीट पाहिलं. ही बाई रागावलेली नाही, ही घाबरलेली आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "मी पण येते. मी त्याला सोडणार नाही."

रविवारी सकाळच्या एस. टी. नं दोघी लेकराला घेऊन निघाल्या. कुहीला उतरल्या, तिथून एका बैलबंडीनं पुढे. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळीच्या पिकाची निळी फुलं पसरली होती. अनंत आईच्या मांडीवरून बैलांच्या शेपट्यांकडे पाहून हुंकार देत होता. रंभाबाई रस्त्याकडे पाठ करून बसली होती. हा रस्ता तिला पाहवत नव्हता.

बापूजींच्या अंगणात बोरीखाली गोवऱ्यांचा विस्तव पेटला होता. म्हातारा खाटेवर बसलेला, अंगात पांढरी बंडी, तोंडात एकही दात नाही. पण बोलणं मऊ. समोर दोन-तीन माणसं पागोटी सावरत बसली होती. अंगणातल्या बायांनी अनंताला पाहून चुकचुक केली. रंभाबाईनं नमस्कार घातला, नारळ ठेवला.

"कुठची वं बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नागपूरची. पण माहेर इकडचंच. नातवाले कावीळ झाली जी."

"किती पिवळा आहे?"

"लई. तुम्हीच पाहा ना."

"मले का दिसते वं आता?" म्हातारा हसला. "डोळ्यात पडदा आला. उजेड-अंधार समजते, बस. आणणारा सांगते पिवळं आहे, अन् मी डाग देतो. मनगट तेवढं धरून द्या. तुमच्या आधी हे आहेत, यांचं होऊ द्या."

'हे' म्हणजे देवराव नावाचा एक शेतकरी होता, आणि त्याची पोर देवकी. असेल तेरा-चौदाची. भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यात मान घालून. केसांना तेल नाही, अंगात त्राण नाही. "आठ दिवस झाले," देवराव सांगत होता, "अन्न पाहूनच मळमळते तिले. लघवी तं जवसाच्या तेलावानी होऊन राहिली. दिवसभर झोपूनच राहते."

"उठ बाई, हात दे," बापूजी म्हणाले.

पोरीनं मान वर केली, आणि समोर बसलेल्या रंभाबाईशी तिची नजर भिडली.

डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हताच. सगळा डोळा हळदीनं माखल्यासारखा होता.

हे डोळे रंभाबाईनं पाहिले होते. तीस वर्षांपूर्वी, बैलबंडीत, मांडीवर. तेव्हापासून तिला पिवळ्या रंगाच्या सगळ्या गोष्टी आठवत होत्या, पिवळी त्वचा, पिवळी नखं, फक्त ते डोळे तिनं आठवायचे नाकारले होते. आणि म्हणूनच, आता तिच्या ध्यानात आलं, म्हणूनच तिनं एवढ्या दिवसांत अनंताचे तळवे पाहिले, नाक पाहिलं, कान पाहिले, पण त्याच्या डोळ्यांत एकदाही धीटपणे पाहिलं नव्हतं. भीतीच वाटायची. तेल लावतानासुद्धा ती मान वळवून घ्यायची.

"दे इकडे त्याले," ती प्रेमिलाला म्हणाली.

"काय करता, आई?"

"दे म्हणते ना!"

तिनं अनंताला घेतलं, बोरीच्या सावलीतून बाहेर उन्हात आली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. लेकराला वाटलं खेळच आहे. त्यानं आजीकडे टक लावून पाहिलं आणि खुदकन हसला. डोळे पांढरे होते. धुतलेल्या तांदळासारखे शुभ्र. तिनं उजवी पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी. पिवळेपणाचा ठिपका नाही.

"प्रेमिला," तिनं हाक दिली. "याचे लंगोट कसे असते वं? पिवळे होते का?"

"नाही, आई. पाण्यासारखं असतं सगळं. मीच धुते ना रोज."

"मंग सांगितलं काहून नाही मले?"

"तुम्ही विचारलंच कुठे?" प्रेमिलाच्या तोंडून निघून गेलं.

एरवी या उत्तरावर सासूनं तिची सालं काढली असती. आज तिनं अनंताला पुन्हा कडेवर घेतलं. तिकडे बापूजींनी आवाज दिला, "पोरीच्यानं उठवत नाई, तवर तुम्ही लेकराले आणा वं बाई. हळकुंड पेटलं."

आता खरी कसोटी. समजा आपलं चुकलं तर? समजा कावीळच असली आणि आपण दारात येऊन परत गेलो तर? एकदा पोचता आलं नाही म्हणून इतकी वर्षं जळलो, आणि आज पोचून माघारी फिरायचं? रंभाबाई तिथेच उन्हात उभी राहिली. अनंतानं तिच्या पोतीचे मणी तोंडात घातले होते आणि मनापासून चघळत होता. त्याचं ते लहानसं मनगट तिच्या बोटांच्या पकडीत होतं. तिनं ते सोडलं नाही.

"नाई जी," ती म्हणाली. "याले डाग नाई द्यायचा."

"काहून वं?"

"याचे डोळे पांढरे आहे, बापूजी. हे कावीळ नव्हे. का होय ते मले ठाऊक नाई, पण हे कावीळ नव्हे."

म्हाताऱ्यानं हळकुंड विस्तवात टाकून दिलं. "बरं झालं बापा," तो म्हणाला. "लेकराचं मनगट धरून चटका द्यायचा म्हणजे मले का गोड वाटते का? रात्री त्याईचं रडणं आयकू येते मले. जा, घेऊन जा."

रंभाबाई निघाली, पण दोन पावलं जाऊन परत वळली. देवराव पोरीला हाताला धरून उठवत होता.

"तुम्ही पण चला गा," ती त्याला म्हणाली.

"कुठे?"

"नागपूरले. दवाखान्यात."

"बाई, काविळीले दवाखान्यात औषध नसते म्हणतात..."

"मीच म्हणत होती आतापर्यंत!" रंभाबाई कडाडली. "मले शिकवता? मी म्हणून म्हणून थकली. तुमच्या पोट्टीचे डोळे मी पाहिले आहे. असे डोळे मले दुसऱ्यांदा पाहायचे नाई. उचला तिले. बंडी उभी आहे."

देवराव बिचारा गोंधळून गेला. अनोळखी बाई, आणि ओरडते तर अशी जशी काही सख्खी बहीण. पण कधी कधी माणसाला कोणीतरी ओरडायलाच लागतं. त्यानं पोरीला उचललं.

चौकातला दवाखाना रविवारी बंद असतो, पण डॉक्टरीणबाई वरच राहायच्या. डॉक्टर सत्यवती, चष्मेवाल्या, हसऱ्या. रंभाबाईनं त्यांचं दार असं वाजवलं की अर्धा चौक बाहेर आला. आधी त्यांनी देवकीला पाहिलं. तिचं पोट दाबलं, डोळे पाहिले, काही विचारलं आणि देवरावाला म्हणाल्या, "हिला खरी कावीळ आहे. आजच मोठ्या दवाखान्यात भरती करा. उशीर झालेला नाही, पण आता उशीर करू नका. मी सांगते तिथे." नत्थूजी घरीच होता. त्याला निरोप गेला आणि तो देवकीला आणि तिच्या बापाला रिक्षात घालून घेऊन गेला. घरी त्याचं काही चालत नसलं तरी बाहेर तो मोठा कामाचा माणूस.

मग अनंताची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर बसवलं, तळवे पाहिले, डोळे पाहिले, जीभ पाहिली. मग विचारलं, "आजी, याला खायला काय देता?"

आता रंभाबाईला जरा हायसं वाटलं. जे आपल्याला चांगलं येतं तेच विचारलंय म्हटल्यावर तिनं मान ताठ केली. "सकाळी उठल्याबरोबर संत्र्याचा रस. मंग पपई. दुपारी गाजर, नाईतं लाल कोहळं. मंग पुन्हा रस. पोट्ट्याच्या पथ्यात मी कसूर केली नाई, डाक्टरीणबाई."

"आणि डाळ-भात? दूध, तूप?"

"बंद केलं ना सगळं! कावीळ होती ना."

डॉक्टरीणबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी प्रेमिलाचा हात पुढे घेतला आणि उजेडात उलटा केला. प्रेमिलाचा तळहातही पिवळसर होता. महिनाभर तीही त्याच पथ्यावर होती, आणि कोणाचं लक्षच नव्हतं तिच्याकडे.

"आजी," त्या म्हणाल्या, "याला काहीच झालेलं नाही. गाजर, संत्रं, पपई, भोपळा, यांच्यात जो रंग असतो ना, तो जास्त पोटात गेला की लेकराच्या कातडीत उतरतो. तळव्यांना, नाकाला आधी. डोळ्यांत मात्र उतरत नाही. खऱ्या काविळीत डोळे पिवळे होतात. तुम्ही ते ओळखलंत म्हणून बरं."

"म्हणजे... कावीळ नाई?"

"नाही."

"अन् हे जे पथ्य दिलं मी..."

"त्या पथ्यानंच वाढलं. तुम्ही बरं करायला रस पाजत होतात आणि त्यानंच तो पिवळा होत होता."

"म्हणजे मीच रंगवला याले?"

"हो, आजी," असं म्हणून डॉक्टरीणबाई मोकळेपणानं हसल्या, आणि प्रेमिलाही तोंडावर पदर धरून हसायला लागली. तिला हसू आवरेना. किती दिवसांची भीती त्या हसण्यातून बाहेर पडत होती. रंभाबाईनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नातवाकडे. "बाप्पा! बाप्पा वं!" एवढंच म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. दवाखान्यात, चारचौघांदेखत, पदरानं नाक पुसत. तिचा जीव कसा भांड्यात पडला होता ते काय सांगायचं!

"रडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फळं वाईट नाहीत. थोडी द्या, पोटभर नको. पण याचं वजन उतरलंय, ते मात्र खरं. या वयाच्या लेकराला नुसत्या फळांवर ठेवायचं नसतं. वरण-भात तूप घालून द्या, दूध द्या, मऊ भाकरी कालवून द्या. तुमच्यात चालत असेल तर अंडं द्या. दीड-दोन महिन्यांत रंग जाईल. आणि पाणी उकळून प्या सगळे. खरी कावीळ बहुतेक वेळा घाण पाण्यानं होते."

संध्याकाळी घरी पोचल्यावर प्रेमिलानं कुकर लावला. वरणात हळद पडली, हिंग पडला, भातावर तुपाची धार पडली आणि घरभर तो वास सुटला. अनंत ताटाकडे झेपावला. रंभाबाई सवयीनं पुढे झाली, त्याला उचलायला, आणि मधेच थांबली. "मी चारू का त्याले?" तिनं सुनेला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं विचारलं असेल. प्रेमिलानं पाट सरकवून जागा करून दिली. पहिला घास तोंडात गेला तसं लेकरू हुं हुं करत जेवायला लागलं, आणि रंभाबाई त्याच्या प्रत्येक घासाला "खाय रे माह्या राजा, खाय" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी नत्थूजीनं नेहमीप्रमाणे टोपली आणली, तेव्हा तिनं ती पायरीवरूनच परत केली. "मोहल्ल्यात वाटा," म्हणाली, "या घरात आता एकाले एकच."

होळीच्या आसपास देवकी दवाखान्यातून सुटली. गावाकडे जाण्याआधी देवराव तिला घेऊन रंभाबाईकडे आला. पोर अजून बारीक होती, पण चालत आली होती, आपल्या पायांनी. डोळे स्वच्छ होते. रंभाबाईनं तिला ओसरीवर उजेडात बसवून हनुवटी धरली आणि इतका वेळ पाहिलं की पोर लाजून हसली. मग पान वाढलं. भात, वरण, तूप, दही. देवकी आधी संकोचली. मग एकदा जेवायला लागली ती खाली मान घालून जेवतच राहिली. ताट रिकामं झालं तशी हळूच म्हणाली, "अजून भात आहे का, आजी?"

रंभाबाई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. ती हललीच नाही. प्रेमिला पलीकडे अनंताला भरवत होती. तिचं लक्ष गेलं. "आई, काय झालं?"

"काई नाई." रंभाबाईनं देवकीच्या ताटात भात वाढला, पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसली. नत्थूजी दारात उभा होता, त्यानं बायकोकडे पाहिलं.

"प्रेमिला," ती म्हणाली, "मनोहरच्या आधी मले एक पोट्टी होती. तुले कोणी सांगितलं नसन."

प्रेमिलाचा हात घासावर थांबला. "नाही, आई."

"काविळीनं गेली. तीन वर्षांची होती. जया नाव होतं तिचं." नाव तोंडातून निघालं. रंभाबाईला वाटलं होतं, हे नाव निघालं तर आपला जीव जाईल. तसं काही झालं नाही. अनंत ताट बडवत होता, देवकी जेवत होती. "लई बडबडी होती वं. कुठं गेली का सगळ्याईले नाव विचारत फिरायची. ये, बस इथं, आइक."

प्रेमिला अनंताला घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. नत्थूजीही टोपी काढून आत आला आणि भिंतीशी टेकला, आणि रंभाबाईनं लेकीबद्दल सांगायला सुरुवात केली.